नऊ रविवार आणि एक खडस

नवव्या रविवारीही पहिला मासा चिलापीच लागला.

हिमानीने तो गळावरून सोडवला, मोजपट्टीवर आडवा धरला, वहीत 'सतरा सेंटिमीटर' लिहिलं आणि महिपतीकाकांच्या बादलीत फेकला. फेकलाच. पहिल्या रविवारी ती प्रत्येक मासा दोन्ही हातांनी अलगद ठेवायची. आता चिलापी दिसली की तिच्या डोक्यात तिडीक जायची. बाहेरून आणून तळ्यांत सोडलेला हा मासा कधीतरी नदीत शिरला, रुजला, वाढला, आणि आता गळ टाकावा तिथे हाच हजर.

"ताजी हाय," महिपतीकाका बादलीत वाकून म्हणाले. "रस्सा चांगला होतो."

"काका, मला रस्सा नकोय."

"नको तं नको. आमच्या घरी चालंल."

हिमानी राहायला उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये. सोमवार ते शनिवार, सकाळी सात ते संध्याकाळी सहा, ती चंदरभाईंच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायची आणि उरलेल्या वेळात प्राणिशास्त्राची एम.एस्सी. रेटायची. वर्ग संपले होते, परीक्षा झाल्या होत्या, प्रबंध तेवढा बाकी होता. त्याचा प्रश्न एका ओळीत मावण्यासारखा होता: वांगणी ते बदलापूर या पट्ट्यात उल्हास नदीत खडस मासा अजून आहे का?

खडस म्हणजे मोठ्या खवल्यांचा, जाड ओठांचा, वाहत्या पाण्यात वाढणारा मासा. शहरातले हौशी लोक त्याला महसीर म्हणतात. जुन्या याद्यांत त्याचं नाव होतं, नव्या याद्यांत नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वी वांगणीच्या बाजारात बनूबाई नावाच्या मासेवालीच्या टोपलीत हिमानीने तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. "नदीचा हाय, धरनाचा नाय," असं सांगत बनूबाईने तो एका गिऱ्हाइकाला तोलून दिला, आणि हिमानी फोन काढेपर्यंत त्याचे आठ तुकडे झाले होते. प्रबंधाचा विषय तिने त्याच संध्याकाळी पक्का केला होता.

तिच्या मार्गदर्शक अंजना मॅडम कोरडेपणाने प्रेमळ होत्या. "एक मासा दाखव," त्या म्हणाल्या होत्या. "हातात धरलेला, शेजारी मोजपट्टी, फोटोवर तारीख. नाहीतर 'आढळला नाही' असं लिही. तेही उत्तरच असतं."

उत्तर होतं, पण खोटं होतं, आणि हिमानीला ते लिहायचं नव्हतं. एकदा छापलं की दुसरा कोणी त्याचा हवाला देतो, तिसरा त्या दुसऱ्याचा, आणि मग तिथे शोधायलाच कोणी जात नाही. प्रबंध शुक्रवारी जमा करायचा होता. तो झाला की जुलैपासून मॅडमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचं काम तिला मिळणार होतं आणि लोकांच्या दंडांना रबरी पट्ट्या बांधणं सुटणार होतं. म्हणजे हा शेवटचा रविवार. सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि बादलीत चिलापी होती.

महिपतीकाका वांगणीपलीकडच्या एका गावचे. आठवडाभर कुणाच्या तरी फार्महाऊसवरची चिकूची बाग सांभाळायचे आणि रविवारी शहरातून आलेल्या लोकांना मासेमारीला न्यायचे. कुठे बसायचं, कणीक कशी मळायची, तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा धागा, कसा फेकायचा, अडकलेला गळ कसा सोडवायचा, सगळं शिकवायचे. एका खूश झालेल्या गिऱ्हाइकाने त्यांना कार्डंही छापून दिली होती. त्यांवर 'महिपती, फिशिंग गाईड' असं लिहून खाली उड्या मारणाऱ्या डॉल्फिनचं चित्र होतं. हिमानीला ते कार्ड बदलापूरच्या एका रॉड विकणाऱ्या दुकानात मिळालं होतं. डॉल्फिन बघूनच तिने शहाणं व्हायला हवं होतं, असं आता तिला वाटत होतं.

दहा वाजता त्यांनी जागा बदलली. चिंचेखालच्या डोहावरून ते खालच्या धावेवर आले. इथे एरवी पाणी गोट्यांवरून खळाळत असावं अशी जागा होती, पण गोटे नुसते उघडे पडले होते आणि त्यांच्यावरचं शेवाळ वाळून पापुद्रे सुटले होते. हिमानीने वही उघडली. पाण्याचं तापमान एकतीस. सामू सात पूर्णांक आठ. विरघळलेला प्राणवायू घसरलेला. पाण्याची पातळी: स्थिर.

पलीकडच्या काठावर डोंबिवलीहून आलेली सहाजणांची टोळी स्पीकर लावून बसली होती. त्यांच्यातल्या एकाच्या गळाला चिलापी लागली तशी सगळे उभे राहून ओरडले. मग त्या वीतभर माशाबरोबर प्रत्येकाने वेगळा फोटो काढला.

"बघा," महिपतीकाका म्हणाले. "कशी खूश हायती मानसं."

"काका, गेल्या रविवारी तुम्ही म्हणालात ढग आहेत म्हणून खडस येत नाही."

"व्हय."

"त्याच्या आधीच्या रविवारी म्हणालात ऊन फार आहे म्हणून येत नाही."

"दोनी खरं हाय."

"मग तो येतो कधी?"

"लागंल, लागंल," महिपतीकाका म्हणाले आणि कणकेचा गोळा तळव्यावर वळत राहिले.

हे 'लागंल, लागंल' नऊ आठवडे तिच्या कानांत बसलं होतं. तिला स्वप्नातही ते ऐकू यायचं आणि सकाळी डबा भरताना ती स्वतःच ते पुटपुटायची. आईने एकदा विचारलंसुद्धा, "काय लागेल गं? मीठ?"

बारापर्यंत आणखी दोन चिलाप्या आणि एक शिंगटी झाली. ही बारीक मिशांची नदीतली शिंगटी निदान इथलीच होती. तिचा काटा हिमानीच्या अंगठ्यात घुसला. तो उपसताना तिने महिपतीकाकांकडे असं पाहिलं की त्यांनी सामान आवरायला घेतलं आणि म्हणाले, "चला, घरी जाऊन घास खाऊन घ्या. इठानं भाकऱ्या केल्या असतील."

विठाकाकू, त्यांची बायको, ओटीवर पाय पसरून बसली होती. तिच्या शेजारी पाच-सहा गोधड्यांचा ढीग होता. हिमानीने हात धुतले, अंगठ्याला हळद लावून घेतली आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "काकू, एवढ्या गोधड्या आज धुवायच्या राहिल्या वाटतं?"

विठाकाकूने तिच्याकडे वेड्याकडे बघावं तसं पाहिलं. "आज? आज आयतवार नाय का?"

"मग? रविवारी धुत नाही तुम्ही?"

"धुवायला पानी कुटं हाय? घोट्याएवढ्या पान्यात गोधडी बुडती का? आज पोरींच्या केसांपुरतं पानी. गोधड्या मंगळवारी, नायतर बुधवारी."

हिमानीचा घास हातातच राहिला. "मंगळवारी पाणी जास्त असतं?"

"असतं म्हंजे? वर वीजघर हाय ना, तिथं वीज बनवली का पानी खाली सोडतात. रोज येतं. भांडी घासून झाली का येतं, ह्यो वरचा दगुड बुडतो." विठाकाकूने हात कमरेपाशी नेऊन दाखवला. "आयतवारी कारखाने बंद. मंग वीज कशाला, पानी कशाला?"

"भांडी घासून झाली म्हणजे किती वाजता?"

"घड्याळ बघून भांडी घासत नाय मी. ऊन ह्या खांबाला लागतं तवा."

हिमानीने ताट बाजूला सरकवलं आणि वही काढली. पहिला रविवार: पातळी स्थिर. दुसरा रविवार: स्थिर. तिसरा, चौथा, पाचवा. नऊच्या नऊ वेळा तिने नीटनेटक्या अक्षरांत तेच लिहिलं होतं. तिसऱ्या आठवड्यानंतर तर पाण्याकडे न बघताच लिहिलं होतं, कारण ज्या गोष्टीत बदल होत नाही तिच्यात जीव कशाला घालायचा? मे महिन्यातली नदी, तिच्यात बदल कसला व्हायचा? जी गोष्ट तिने न हलणारी म्हणून सोडून दिली होती ती रोज कमरेएवढी हलत होती. आठवड्यातून एकच दिवस ती हलत नव्हती, आणि हिमानीला सुट्टी नेमकी त्याच दिवशी असायची.

तिने मान वर केली. महिपतीकाका भाकरी मोडत होते.

"काका, पाणी चढल्यावर खडस काय करतो?"

"काय करनार? डोहातनं वर धावंवर येतो, चरायला."

"आणि रविवारी?"

"खडकाखाली. थितं तोंडासमोर गळ धरला तरी खात नाय."

"हे तुम्हाला माहीत होतं?"

"मला कसं म्हाईत नसंल? जन्म गेला हितं."

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही?" तिचा आवाज एवढा चढला की शेजारच्या ओटीवरचा कुत्रा उठून बसला.

महिपतीकाका खरोखरच गोंधळले. "तुमी इचारलंव, खडस कुटं हाय. म्या जागा दावल्या. येक पन जागा खोटी नाय दावली. कवा येतो ते तुमी आज इचारलंव."

"मी नऊ रविवार इथे मरतेय, काका!"

"तेच तं. पयल्याच दिवशी तुमी बोललाव, मला फकस्त रविवार हाय. मला वाटलं, तुमचं शिक्षानच रविवारचं आसंल. रविवारी मासं कसं वागतात, आसं कायतरी लिव्हायचं आसंल. शिकल्याली मानसं कशावर पन लिव्हतात."

"अवो, तिचा घास राहिला बघा," विठाकाकू म्हणाली.

हिमानीला कोणावर तरी मनसोक्त चिडायचं होतं आणि चिडायला माणूस सापडत नव्हता. काकांनी तिच्या प्रश्नांना बरोबर उत्तरं दिली होती. प्रश्नच चुकले होते, आणि प्रश्न विचारायचं शिक्षण तिचं झालं होतं, काकांचं नव्हे. तिने उरलेली भाकरी रागारागाने खाल्ली. मग ती पुन्हा नदीवर गेली आणि पाच वाजेपर्यंत पाण्याकडे बघत बसली. पाणी बोटभरही हललं नाही.

सोमवारी लॅबमध्ये फास्टिंग शुगरवाल्यांची रांग जिन्यापर्यंत गेली होती. ती ओसरल्यावर हिमानी चंदरभाईंच्या टेबलापाशी गेली. चंदरभाई साठीचे, कॅम्प चारमध्येच जन्मलेले सिंधी. मराठी छान बोलायचे, फक्त पैसे आणि सुट्टी हे दोन विषय निघाले की हिंदीत शिरायचे.

"चंदरभाई, उद्या सुट्टी हवीय."

"कल? कल किसका क्या है?"

"मासा पकडायचाय."

चंदरभाईंनी चष्मा काढला. "वो तो तू संडे को पकडती है ना? दो महिने से पकड रही है."

"रविवारी तिथे पाणी नसतं."

"पानी तो हमारे कॅम्प चार में भी नहीं होता, बेटा. हम छुट्टी लेते हैं क्या?"

पंधरा मिनिटं असं चाललं. शेवटी मंगळवारी एक वाजल्यानंतरचा अर्धा दिवस मिळाला, तोही तीन घरी जाऊन नमुने घ्यायचे या बोलीवर. ते तीन नमुने तिने सोमवारी रात्री घरी जाण्याआधीच आणून दिले.

मंगळवारी अडीच वाजता ती स्कूटरवरून वांगणीपलीकडे पोचली. डोकं तापलं होतं, ओठांवर धूळ बसली होती. घरून तिने सेंटिमीटरच्या खुणा केलेली वेताची काठी आणली होती. ती तिने धावेच्या कडेला गोट्यांत रोवली आणि समोर घड्याळ ठेवून बसली.

तीन वाजून आठ मिनिटांनी पहिली खूण भिजली.

आवाज वगैरे काही झाला नाही. उघड्या गोट्यांच्या मधल्या फटी आधी चमकायला लागल्या, मग त्या एकमेकींना मिळाल्या. वाळलेलं शेवाळ उचललं जाऊन गोल फिरत पुढे निघालं. कडेची माती विरघळून पाण्यात चहासारखी रेघ उतरली. सव्वातीनला अकरा सेंटिमीटर. साडेतीनला सत्तावीस. जी जागा नऊ रविवार नुसता दगडांचा ढिगारा होती तिथे आता नदी बोलत होती. वरच्या अंगाला बायका गोधड्या आपटत होत्या आणि त्यांत विठाकाकूचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

हिमानीला आनंद व्हायला हवा होता. तिला आठवत होते ते फक्त नऊ रविवार.

"आज कनीक नको," बागेतलं काम आटोपून आलेले महिपतीकाका म्हणाले. त्यांनी खिशातून चार पिकली उंबरं काढली आणि त्यातलं एक गळात ओवलं. "पानी चढलं का वरच्या झाडाखालची उंबरं व्हावत येतात. त्येची वाट बघत असतो त्यो."

"हेही तुम्ही..." हिमानीने सुरुवात केली आणि सोडून दिलं. उंबरांबद्दल तिने विचारलं नव्हतं.

गळ पाण्यात गेला. काका हातजाळं घेऊन मांडीएवढ्या पाण्यात उतरले आणि खालच्या बाजूला उभे राहिले. दहा मिनिटं काही नाही. उंबर दोनदा बदललं. तिसऱ्या वेळी तंगूस आधी सैल झाला, आणि ती तो गुंडाळायला लागली तोच रॉडचं टोक पाण्यापर्यंत वाकलं.

चिलापी ओढते तेव्हा हाताला थरथर कळते. ही थरथर नव्हती. नदीच्या तळाशी कोणीतरी दोर धरून सरळ चालत निघावं तसं ते होतं. रीळ करकरत सुटलं.

"जाऊ द्या, जाऊ द्या!" काका ओरडले. "आता थांबवा! खडकाकडं नका जाऊ देऊ! ताण ठेवा, मॅडम, ताण!"

तिने ताण ठेवला. खांद्यापर्यंत हात भरून आले. एकदा तो खडकाच्या रोखाने गेला, तिने रॉड आडवा करून त्याला फिरवला. एकदा तो पाण्यावर आला आणि उन्हात त्याची कूस दिसली. हिरवट पाठ, सोनेरी कडांचे नाण्याएवढाले खवले. खडस. वाद घालायला जागाच नव्हती. विठाकाकूचं आपटणं थांबलं होतं आणि सगळ्या बायका बघत होत्या.

मासा थकून काठाकडे आला. घोट्याएवढ्या पाण्यात, तिच्यापासून दोन हातांवर, कुशीवर कलंडला. काका हातजाळं पुढे धरून येत होते, अजून तीन पावलं होती. मोजपट्टी, हिमानीच्या मनात आलं. मोजपट्टी आधी काढून ठेवायला हवी, म्हणजे तो पाण्याबाहेर कमीत कमी वेळ राहील. तिने रॉड उजव्या हातात घेतला आणि डावा हात खिशात घातला.

रॉडचं टोक वीतभर खाली आलं. तेवढंच.

माशांना इजा होऊ नये म्हणून तिने पहिल्याच रविवारी सगळ्या गळांचे उलटे काटे पकडीने दाबून सपाट केले होते. असा गळ ताणावरच टिकतो. खडसाने डोकं एकदा झटकलं, गळ उडून तिच्या चपलेपाशी पडला आणि काकांचं जाळं रिकाम्या पाण्यात आपटलं.

काकांनी रिकामं जाळं उचलून झटकलं.

"फोटू!" ते म्हणाले. ते कमरेपर्यंत भिजले होते आणि तिने पहिल्यांदाच त्यांना चिडलेलं पाहिलं. "अवो, आदी मासा! मंग फोटू! मासा हातात नाय आन् पट्टी कशाला काढता? त्येला काय कपडं शिवायचं व्हतं?"

 मोजपट्टी अजून हिमानीच्या डाव्या हातात होती.

सहा वाजेपर्यंत त्यांनी उरलेली उंबरं संपवली. त्या धावेवर दुसरा खडस आला नाही. वहीत तिने लांबीच्या रकान्यात 'अंदाजे चाळीस' लिहिलं, मग ते खोडलं. अंदाजासाठी रकाना नव्हता.

बुधवारी संध्याकाळी सुटल्यावर ती प्रबंधाची छापील प्रत घेऊन अंजना मॅडमच्या घरी, अंबरनाथला, गेली. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, मधेच एकदा "अरेरे" म्हणाल्या आणि चहा पुढे केला.

"तू पाहिलास, मी मानते," त्या म्हणाल्या. "परीक्षक मानणार नाहीत. तू 'आढळला नाही' असंच लिही. नऊ दिवस, नऊ नोंदी, स्वच्छ काम आहे. मंगळवारचं वर्णन शेवटी दोन ओळींत टाक." मग त्यांनी तक्त्याचं पान उघडलं. "हा रकाना कसला? आधी नव्हता."

"वाराचा."

मॅडमनी बोट खाली नेलं. रविवार, रविवार, रविवार. बोट तळाशी पोचलं तेव्हा त्यांनी श्वास सोडला. "हिमानी, हा रकाना पाहिला की परीक्षकाला दुसरं काही वाचायची गरजच नाही. नऊ दिवस नाहीत हे. एकच दिवस आहे, नऊ वेळा."

"हो."

"तारखा आहेत ना तक्त्यात? मग वार काढून टाक. ज्याला बघायचा असेल तो कॅलेंडर घेऊन बघेल."

"कोणी बघणार नाही, मॅडम. मी स्वतः नऊ आठवडे बघितला नाही."

"आणि शुक्रवारचं काय?"

हिमानीने चहात पाहिलं. त्यावर साय आली होती.

"हे असं मी पुढे पाठवू शकत नाही," मॅडम म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे ते जास्त लागलं. "रकाना काढलास तर शुक्रवारी जमा. ठेवलास तर काम पुन्हा, आणि मग जमा डिसेंबरात. जुलैचे तास मी तुझ्यासाठी अडवून धरू शकत नाही, त्यासाठी दोघं रांगेत आहेत. घरी जाऊन विचार कर."

घरी जाऊन विचार करायला काही नव्हतं, हाच तिचा संताप होता. खडस नाही असं लिहिणं तिला आता शक्यच नव्हतं, कारण तो दोन हातांवरून तिच्याकडे बघून गेला होता. आणि आहे असं लिहायला हातात काहीच नव्हतं. "रकाना राहू दे," असं ती दारात चपला घालताना म्हणाली. ते इतकं पुटपुटत म्हणाली की मॅडमना "काय?" असं विचारावं लागलं, आणि मग तिला ते दुसऱ्यांदा, नीट म्हणावं लागलं. खाली आल्यावर स्कूटर चालू होईना. तिने सतरा किक मारल्या. अठराव्या वेळी स्कूटर चालू झाली आणि तिला रडू आलं.

गुरुवारी सकाळी ती पुन्हा चंदरभाईंच्या टेबलापाशी उभी होती.

"लॅब रविवारी उघडी ठेवा. मी एकटी बसते. त्याच्या बदल्यात मला बुधवार द्या."

"संडे को पेशंट आता नहीं."

"तुम्ही रविवारी कधी उघडून बघितलंय?"

चंदरभाईंनी मनाशी हिशोब केला. "पस्तीस साल में... नहीं."

"मग येत नाही हे कशावरून?"

"अरे, बंद दुकान के सामने कौन..." चंदरभाई थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. नोकरी करणारे लोक, ज्यांना सोमवारी रांगेत उभं राहायला वेळ नसतो, ते त्यांच्या डोळ्यांसमोरून एकेक करत जाताना दिसत होते. "एक महिना," ते म्हणाले. "ट्रायल पे. पेशंट नाही आले, तर तुझी मच्छी आणि तू."

महिन्यात बुधवार चार. पण पावसाळा तोंडावर आलेला. नदी गढूळ होऊन फुगली की पुढचे पाच महिने काही करता येणार नव्हतं. म्हणजे खरे बुधवार दोन, फार तर तीन. तिने बाजूला होऊन महिपतीकाकांना फोन लावला.

"बुधवारी? या की. बुधवारी म्या तीनला मोकळा असतो," काका म्हणाले. "पन मॅडम, रॉड तुमच्याकडं, जाळं माझ्याकडं. फोटू काढायला तिसरं मानूस पायजे."

"विठाकाकू?"

"तिच्या गोधड्या हायती ना बुधवारी."

"गोधड्या गुरुवारी धुवा म्हणावं! दोनच बुधवार आहेत माझ्याकडे!"

काकांनी फोन न झाकताच निरोप दिला. पलीकडून विठाकाकूचा आवाज आला, गुरुवारी तिला भाताच्या बियाण्याला जायचंय, आणि तो टचस्क्रीन का काय तो तिच्या ओल्या हाताला लागत नाही, आणि एवढा दोन हातांवर आलेला मासा घालवला त्या पोरीला दुपारचं जेवून यायला सांग, उपाशीपोटी हात कापतात. त्यावर काका काहीतरी म्हणाले, त्यावर ती आणखी काहीतरी म्हणाली. दोघांचं भांडण रंगात आलं आणि फोन त्यांच्या लक्षातून गेला.

समोर खुर्चीत एक बाई बाही वर करून बसली होती. "मॅडम, मी सकाळपासून उपाशी आहे हं," ती म्हणाली.

हिमानीने फोन कान आणि खांद्याच्या मधे दाबला, बाईच्या दंडाला पट्टी बांधली आणि शीर शोधता शोधता फोनमध्ये ओरडली, "काका! बुधवारचं काय ठरलं, ते सांगा!"